मांत्रिकाची चाहूल (टेबलटॉप रोलप्लेइंग खेळ)

टेबलटॉप फँटसी रोलप्लेइंग खेळांत, म्हणजे टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेक काल्पनिक पात्र वठवायच्या खेळांत, एका मांत्रिक पात्राला दुसरा मांत्रिक जवळपास असल्याचे कोणताही मंत्र न टाकता जाणवावे की नाही, आणि जाणवायचे तर किती अंतरावरून व कितपत, हे ठरवणारा हाउस रूल. छापील नियमपुस्तकांत ही सोय बहुधा नसते किंवा अपुरी वाटते, म्हणून खेळ चालवणारा डीएम (डंजन मास्टर) आणि खेळाडू मिळून ती आपल्या टेबलापुरती ठरवून घेतात. गल्लीक्रिकेटमध्ये चेंडू पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत गेला की फलंदाज बाद, हे जसे त्या एका सोसायटीपुरतेच खरे असते, तसेच या नियमाचे आहे.

मराठी खेळाडू बोलताना विझर्ड, डीएम, रोल (फासा टाकणे) हेच शब्द वापरतात. लिहिताना पंचाईत होते, कारण ‘जादूगार’ म्हटले की टोपीतून ससा काढणारा माणूस डोळ्यांपुढे येतो आणि ‘मांत्रिक’ म्हटले की अंगारा आणि टाचण्या टोचलेले लिंबू. येथे त्यातल्या त्यात जवळचा म्हणून मांत्रिक हा शब्द घेतला आहे. ‘चाहूल’ हा शब्द मात्र तंतोतंत बसतो. चाहूल लागते तेव्हा कोणीतरी आहे एवढेच कळते. कोण आहे ते कळणे म्हणजे ओळख पटणे, आणि ती पुढची पायरी आहे. हा हाउस रूल ज्या टेबलांवर फसतो, तेथे बहुतेक वेळा या दोन पायऱ्या एक झालेल्या असतात.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला आणि या प्रकारच्या खेळांची सुरुवात झाली. त्याच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत ‘डिटेक्ट मॅजिक’ हा पहिल्या पातळीचा मंत्र आहे. तो टाकणाऱ्याला ३० फुटांच्या आतली जादू जाणवते. लक्ष विचलित झाले नाही तर परिणाम जास्तीत जास्त दहा मिनिटे टिकतो, आणि एक कृती खर्च केल्यास जादू असलेल्या दृश्य वस्तूभोवती वा प्राण्याभोवती फिकट वलय दिसून ती जादू आठ शाखांपैकी कोणत्या शाखेची आहे हेही कळते. एक फूट दगड, एक इंच साधा धातू, शिशाचा पातळ पत्रा किंवा तीन फूट लाकूड वा माती मध्ये आली की मात्र हा मंत्र अडतो. पुष्कळ नवे खेळाडू येथेच गफलत करतात. या मंत्राने जादू दिसते, जादू येणारा माणूस दिसत नाही. डोक्यात वीस मंत्र घेऊन बसलेला पण त्या क्षणी एकही मंत्र चालू नसलेला मांत्रिक त्याच्या दृष्टीने शेजारच्या वाण्याइतकाच कोरा असतो. उलट, मैत्रिणीने ‘मेज आर्मर’ हा संरक्षक मंत्र टाकून दिलेला एखादा हमाल आठ तास झगमगत राहतो.

२००३ च्या सुधारित तिसऱ्या आवृत्तीत ही उणीव भरून काढणारा ‘आर्केन साइट’ नावाचा तिसऱ्या पातळीचा मंत्र होता. त्याद्वारे १२० फुटांच्या आतल्या एखाद्यावर लक्ष एकवटले, की त्याला मंत्र येतात का, ते कोणत्या परंपरेचे आहेत आणि त्याच्याकडे शिल्लक असलेला सर्वांत प्रबळ मंत्र किती ताकदीचा आहे, हे सारे उघड होई. नियम स्पष्ट होता, पण ही चाहूल नव्हती, थेट झडती होती. १९८७ च्या ‘आर्स मॅजिका’ या खेळाने नेमका उलटा विचार केला. तेथे मांत्रिकाच्या अंगच्या देणगीमुळे साधी माणसे आणि जनावरेच त्याच्याजवळ अस्वस्थ होतात, तर मांत्रिक एकमेकांच्या या प्रभावापासून एका खास संरक्षणमंत्राने सुरक्षित राहतात. कुत्रे भुंकू लागले की गावाला कळते. भेटायला आलेल्या दुसऱ्या मांत्रिकाला काहीच जाणवत नाही.

तरीही मांत्रिकाला मांत्रिक जाणवावा ही मागणी टेबलावर पुनःपुन्हा येते, कारण चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक असतात हे आपल्या अंगवळणी पडले आहे. त्यावर मराठी टेबलाला सुचणारे एक उत्तर चांगदेवाच्या आख्यायिकेत आहे. ज्ञानेश्वरांना कोणत्या मायन्याने लिहावे हे न कळल्याने चांगदेवाने कोरेच पत्र धाडले. पुढे तो वाघावर बसून भेटीला आला, भावंडे बसलेली भिंत चालत सामोरी गेली आणि मगच त्याला समोरच्याचा अधिकार उमगला. म्हणजे ओळख पटली ती कृतीतून. पाचव्या आवृत्तीसाठी २०१७ साली आलेला एक ऐच्छिक नियम याच वळणाचा आहे. समोरचा मंत्र टाकत असताना तो कोणता हे ओळखण्यासाठी आर्काना (जादूचे ज्ञान) या कौशल्याचा रोल करायचा आणि १५ अधिक मंत्राची पातळी एवढी बेरीज गाठायची. तिसऱ्या पातळीच्या मंत्रासाठी १८ लागतात; कौशल्यामुळे फाशाच्या आकड्यात +५ मिळवता येणाऱ्या पात्राला वीस बाजूंच्या फाशावर १३ किंवा अधिक पडायला हवेत, म्हणजे शक्यता ४० टक्के.

चाहुलीचा रोल याच धर्तीवर बांधण्याचा मोह होतो, आणि तेथे गणित डाव साधते. आवश्यक आकडा १५ ठेवला आणि पात्राला +५ असेल, तर एका रोलला यशाची शक्यता ५५ टक्के असते, जी ऐकायला माफक वाटते. गटात असे दोन मांत्रिक असतील आणि दोघेही रोल करतील, तर कोणा एकाला तरी चाहूल लागण्याची शक्यता सुमारे ८० टक्क्यांवर जाते. एकाच मांत्रिकाने लपलेला शत्रू मागावर असताना तीन खोल्यांत तीनदा विचारले, तर ती सुमारे ९१ टक्के होते. डीएमने महिनाभर जपलेले गुपित अशा रीतीने तिसऱ्या दारापाशी फुटते. यावर उपाय म्हणजे एका प्रसंगात एका मांत्रिकासाठी एकच रोल, आणि तोही डीएमने पडद्याआड करायचा. घोडबंदर रस्त्यावरच्या एखाद्या सदनिकेत रविवारी दुपारी खेळ रंगलेला असतो, पोह्यांच्या बश्या नकाशाच्या कडेला सरकवलेल्या असतात, आणि कोणीतरी विचारतोच, “मला काही जाणवतंय का?” डीएम जुन्या फाइलच्या पुठ्ठ्याआड फासा टाकतो आणि म्हणतो, “मानेवर काटा आला. बाकी काही नाही.” अनुभवी डीएम काहीही नसतानाही अधूनमधून फासा खुळखुळवतो, नाहीतर फाशाचा आवाज हीच चाहूल ठरते.

अंतर आणि अडथळे हा भाग ओळखीच्या जागेवर चटकन समजतो. समजा, आजच्या काळातला खेळ ठाणे-वाशी लोकलमध्ये चालू आहे आणि टेबलाने चाहुलीसाठी डिटेक्ट मॅजिकचेच ३० फूट, म्हणजे सुमारे ९ मीटर घेतले आहेत. लोकलचा एक डबा साधारण २० मीटर लांब असतो, तेव्हा डब्याच्या मधोमध उभ्या असलेल्या मांत्रिकाच्या कक्षेत दोन्ही टोकांच्या जराशा पट्ट्या सोडून सगळा डबा येतो. मधला पत्रा इंचभर जाडीचा नसल्याने पलीकडच्या महिला कप्प्यातली मांत्रिकाही जाणवते, पण तिच्यापर्यंत पोहोचायला पुढचे स्टेशन येण्याची वाट पाहावी लागते. ऐरोलीला गर्दी उतरली आणि मानेवरचा काटा गेला, तर ती व्यक्ती उतरली की नुसती डब्याच्या टोकाला सरकली, या प्रश्नावर अर्धा तास उत्तम खेळ होऊ शकतो. हीच पात्रे मुख्य मार्गावर पारसिक बोगद्यातून जाऊ लागली, तर डोंगराच्या दगडापलीकडचे काहीही कळत नाही. ठाण्याची खाडी चाहूल अडवते का, हे प्रत्येक टेबलाने स्वतःचे ठरवावे. पुस्तकातल्या अडथळ्यांच्या यादीत पाणी नाही.

नियम टिकाऊ होतो तो दुतर्फा केल्यावर. काळोखात बॅटरी मारली की बॅटरी मारणाराही दिसतो. त्याचप्रमाणे जो मांत्रिक मुद्दाम मन उघडून चाहूल घेतो, त्याची चाहूल समोरच्यालाही लागावी. मग प्रत्येक दारापाशी तोच प्रश्न विचारण्याची हौस आपोआप ओसरते, कारण विचारण्याला किंमत पडते. नुसती आपोआप लागणारी चाहूल ठेवायची असेल, तर तिच्यात दिशा, संख्या आणि ताकद यांपैकी काहीही सांगू नये. ताकद सांगणे विशेष घातक, कारण मग खेळाडू लढाईआधीच शत्रूची पातळी मोजून परत फिरतात. लपू इच्छिणाऱ्यालाही वाट असावी: त्या दिवशी एकही मंत्र न वापरणे, किंवा शिशाचा पत्रा लावलेल्या पेटीत जादूच्या वस्तू ठेवणे. या दुसऱ्या उपायाला पुस्तकातल्या अडथळ्याचाच आधार मिळतो.

कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठका चालणारी एकच कथा, मध्यावर असताना हा नियम आणल्यास जुनी पात्रे अडचणीत येतात. दहा बैठकांपासून गटाला पाव विकणारा बेकरीवाला डीएमच्या वहीत पहिल्यापासून मांत्रिक असेल, तर त्याची चाहूल आजवर कोणालाच का लागली नाही, याचे उत्तर नियम जाहीर करण्याआधी तयार हवे. भट्टीच्या फूटभर जाड दगडी भिंतीआड तो बसत असे, हे उत्तर चालते. पण मागच्या बैठकीत त्याने दारात येऊन सुटे पैसे परत केलेले असतील, तर खेळाडूंपैकी कोणाला तरी ते नक्की आठवते.