लाइफ सपोर्ट काढण्याचा निर्णय (मुंबई)
पेशंट आयसीयूत व्हेंटिलेटरवर आहे, बरं व्हायची आशा डॉक्टरांनीच सोडलीये, अशा वेळी मशीन चालू ठेवायचं की काढायचं आणि हे ठरवायचं कोणी, असा हा विषय. कायद्यात याला निष्क्रिय इच्छामरण म्हणतात. इंजेक्शन देऊन मरण आणणं वेगळं, तो आपल्याकडे गुन्हाच आहे.

मुंबईत याची चर्चा परळच्या केईएम हॉस्पिटलपासूनच सुरू होते. तिथल्या नर्स अरुणा शानबाग यांच्यावर 27 नोव्हेंबर 1973 ला हल्ला झाला, त्या पुन्हा भानावर आल्याच नाहीत आणि 18 मे 2015 ला न्यूमोनियाने जाईपर्यंत त्या केईएममध्येच होत्या, एवढी वर्षं त्यांना सांभाळलं तिथल्या नर्सेसनी. अरुणांना जगवणारं अन्न बंद करून त्यांना जाऊ द्यावं, असा अर्ज पत्रकार पिंकी विराणी यांनी सुप्रीम कोर्टात केला, तर या नर्सेस ठामपणे नाही म्हणाल्या. 7 मार्च 2011 च्या निकालात कोर्टाने अर्ज फेटाळला, पण हायकोर्टाच्या परवानगीने असे उपचार थांबवता येतील असंही सांगून टाकलं. माझ्या मते त्या निकालातली खरी गोष्ट वेगळीच आहे: अरुणांच्या वतीने बोलायचा हक्क कोर्टाने केईएमच्या स्टाफचा मानला, म्हणजे जो रोज सेवा करतो त्याचं ऐकलं.

9 मार्च 2018 ला सुप्रीम कोर्टात सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य झाला आणि लिव्हिंग विलही, म्हणजे अशी वेळ आली तर कुठले उपचार नकोत हे शुद्धीत असतानाच लिहून ठेवणं, पण त्यावर मॅजिस्ट्रेटची सही लागायची, कोण जाणार तिथे! जानेवारी 2023 मध्ये ते सोपं झालं, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. तरी मशीन काढण्याआधी डॉक्टरांची दोन मंडळं लागतातच.

प्रत्यक्षात मात्र असं विल फार कमी जणांकडे असतं. मग बाहेर बाकड्यावर बसलेले नातेवाईक, चढत जाणारं बिल, अमेरिकेतला मुलगा येईपर्यंत ठेवा म्हणणारे काका, आणि शेवटी डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज, म्हणजे निर्णय पैशानेच घेतलेला, कागदावर नाव घरच्यांचं.

ब्रेन डेड, म्हणजे मेंदूचं काम कायमचं थांबलेलं, हा प्रकार वेगळा, 1994 च्या अवयवदान कायद्यानुसार सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून ठरतो. घरच्यांनी अवयवदानाला नकार दिला तर व्हेंटिलेटर काढायला डॉक्टर कचरतात, कारण ती व्याख्या त्याच कायद्यापुरती आहे.

मशीन काढलं तरी वेदना आणि धाप कमी करायचे उपचार चालूच ठेवायचे असतात. कॅन्सर पेशंटसाठी वांद्र्याचं शांती आवेदना सदन हे काम 1986 पासून करतंय.