अकॅडेमिक प्रोबेशन आणि सल्लागार (अमेरिकेतील विद्यापीठे)

अमेरिकेतील विद्यापीठात विद्यार्थ्याचा एकूण जीपीए, म्हणजे सगळ्या विषयांतल्या श्रेणींची सरासरी, ठरलेल्या किमान पातळीखाली गेला की त्याच्या नावापुढे ‘अकॅडेमिक प्रोबेशन’ असा दर्जा लागतो. पदवीच्या अभ्यासक्रमाला ही पातळी बहुतेक ठिकाणी ४ पैकी २.० असते, म्हणजे सरासरी ‘सी’. एमएस किंवा पीएचडीला ती ३.० म्हणजे ‘बी’ असते. प्रोबेशन लागले म्हणून प्रवेश रद्द होत नाही. वर्ग, वसतिगृह, ग्रंथालय सगळे चालू राहते. मात्र एक किंवा दोन सत्रांची मुदत मिळते आणि त्या मुदतीत जीपीए वर आला नाही तर निलंबन किंवा थेट हकालपट्टी होऊ शकते. काही विद्यापीठे प्रोबेशनच्या आधी ‘वॉर्निंग’ अशी एक सौम्य पायरी ठेवतात. मुदतीच्या काळात अकॅडेमिक अ‍ॅडव्हायझरला, म्हणजे अभ्यासविषयक सल्लागाराला, भेटणे बऱ्याच ठिकाणी सक्तीचे असते. पुढे जो सावरतो त्याच्या सावरण्यात या भेटींचा वाटा मोठा असतो.

महाराष्ट्रात शिकलेल्यांना यातून एटीकेटी आठवेल. पण दोन्हींचा हिशेब वेगळा आहे. एटीकेटीत राहिलेले विषय मोजतात. ठरावीक संख्येपर्यंत केटी चालते, त्यापुढे वर्ष वाया जाते, आणि केटी सुटली की मागचे पुसल्यासारखे होते. जीपीएत मात्र सगळे विषय सुटूनही प्रोबेशन लागू शकते, कारण तिथे सरासरी मोजली जाते. एमएसच्या विद्यार्थ्याला एका विषयात ‘सी’ मिळाला तर तो नापास झालेला नसतो, तरी त्याची सरासरी ३.० च्या खाली ओढली जाऊ शकते. दुसरा फरक सल्लागाराचा. केटी लागलेल्या मुलाला आपल्याकडे गाइड, क्लास आणि वरच्या वर्गातले मित्र असतात. त्याच्यासोबत बसून पुढच्या सत्राची आखणी करणे हे विद्यापीठातल्या कुणाचे नेमून दिलेले काम क्वचितच असते. आयआयटीसारख्या संस्थांत फॅकल्टी अ‍ॅडव्हायझर असतात. मुंबईच्या आयआयटीत मागे पडलेल्या विद्यार्थ्यांसाठी ‘अकॅडेमिक रिहॅबिलिटेशन प्रोग्रॅम’ही आहे. संलग्न महाविद्यालयांच्या व्यवस्थेत मात्र ही जागा रिकामीच राहिली.

सल्लागार हे पद अमेरिकेत निवडीच्या स्वातंत्र्यातून आले. चार्ल्स एलियट १८६९ ते १९०९ या काळात हार्वर्डचे अध्यक्ष होते. त्यांनी ठरीव अभ्यासक्रम मोडून विद्यार्थ्याला विषय निवडू देण्याची पद्धत रुजवली. निवड आली तशी चुकीची निवडही आली आणि ती टाळायला कुणीतरी जाणता माणूस लागू लागला. १८७६ मध्ये सुरू झालेल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठानेही लवकरच प्राध्यापकांना सल्लागाराचे काम दिले. बराच काळ हे काम म्हणजे फॉर्मवर सही करणे एवढेच होते. १९७२ मध्ये बर्न्स क्रुकस्टन यांनी त्यात दोन प्रकार दाखवले. एकात सल्लागार डॉक्टरसारखा उपाय लिहून देतो. दुसऱ्यात तो विद्यार्थ्याबरोबर विचार करतो आणि जबाबदारी दोघे वाटून घेतात. १९७९ मध्ये सल्लागारांची ‘नाकाडा’ ही राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि हा स्वतंत्र व्यवसाय ठरला. आज मोठ्या विद्यापीठांत पूर्णवेळ सल्लागार असतात. एकेकाकडे शेकडो विद्यार्थी असल्यामुळे भेटीची वेळ मिळवणे हेच पहिले दिव्य ठरते.

प्रोबेशनवरच्या विद्यार्थ्याबाबत मात्र सल्लागाराने वाट पाहत बसायचे नसते, असे मत सत्तरच्या दशकापासून बळावले. अडचणीतला विद्यार्थी स्वतःहून दार ठोठावत नाही, म्हणून विद्यापीठानेच त्याला बोलावून घ्यायचे. या पद्धतीला आधी ‘इंट्रूसिव्ह’, म्हणजे आगंतुकपणे आत घुसणारी, म्हणत. ते नाव कानाला खटकते म्हणून आता पुढाकार घेणारी या अर्थाने ‘प्रोअ‍ॅक्टिव्ह’ म्हणतात. बोलावण्याचे साधन साधे आणि परिणामकारक आहे. विद्यार्थ्याच्या खात्यावर ‘होल्ड’ लावला जातो आणि सल्लागाराला भेटल्याशिवाय पुढच्या सत्राची नोंदणीच करता येत नाही. होल्डचा राग सगळ्यांनाच येतो. पण तो नसता तर निम्म्या भेटी झाल्याच नसत्या, असे मानायला जागा आहे.

प्रोबेशनचे पत्र सत्र संपल्यावर, निकालानंतर काही दिवसांत ईमेलने येते. त्याची भाषा वकिली असते. ‘किमान पात्रता’, ‘अपात्रता’, ‘कलम’ असले शब्द वाचून विद्यार्थ्याला वाटते की सगळे संपले. पहिल्या भेटीत सल्लागाराला आधी ही भीती बाजूला सारावी लागते आणि मग मुद्द्याला हात घालावा लागतो. जेनिफर ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केलेल्या ‘अ‍ॅप्रिशिएटिव्ह अ‍ॅडव्हायझिंग’ पद्धतीत सहा टप्पे आहेत. त्यांपैकी पहिला आहे समोरच्याचा ताण उतरवणे. दुसऱ्यात त्याला पूर्वी काय चांगले जमले ते त्याच्याकडूनच काढून घ्यायचे असते. सहा टप्प्यांची सगळी इंग्रजी नावे ‘डी’ या अक्षराने सुरू होतात. हा जरा हौसेचा मामला आहे, पण पहिल्या दोन टप्प्यांचे मोल खरे आहे.

त्यानंतर येतो आकड्यांचा भाग. सावरणे म्हणजे पुष्कळदा हेच गणित असते. समजा पहिल्या वर्षी ३० क्रेडिट झाले आणि जीपीए १.६ आहे. म्हणजे गुणांक (क्रेडिट गुणिले जीपीए) ४८. पुढच्या सत्रात १५ क्रेडिटचे पाच नवे विषय घेतले तर २.० गाठायला एकूण ९० गुणांक लागतील, म्हणजे त्या सत्रात सरासरी २.८ हवी. चार विषयांत ‘बी’ आणि एकात ‘सी’. ज्याने वर्षभर १.६ काढले त्याला हे अवघडच आहे. आता त्या ३० क्रेडिटपैकी ३ क्रेडिटच्या एका विषयात ‘एफ’, म्हणजे नापास, आहे असे धरू. बरीच विद्यापीठे तोच विषय पुन्हा घेतला तर जीपीए काढताना जुनी श्रेणी बाजूला ठेवून नवी धरतात. तो विषय पुन्हा घेऊन ‘बी’ मिळाला की त्याच ३० क्रेडिटवर गुणांक ५७ होतात आणि जीपीए १.९ होतो. सोबत तीनच नवे विषय घेऊन एकात ‘बी’ आणि दोनांत ‘सी’ मिळाला तर ३९ क्रेडिटवर ७८ गुणांक, म्हणजे बरोबर २.०. विषय पाचाऐवजी चार आणि सत्राची सरासरी २.८ ऐवजी २.५. घाबरलेला विद्यार्थी नेमके उलट करतो. नापास झालेल्या विषयाचे तोंड पाहायला नको म्हणून तो सगळे नवे घेतो आणि ‘भरून काढायचे’ म्हणून जास्तच घेतो. सल्लागाराचा पहिला सल्ला बहुधा विषय कमी करण्याचा असतो, त्याचे कारण हे.

मात्र श्रेणी बदलण्याचा नियम सगळीकडे सारखा नाही. काही ठिकाणी दोन्ही श्रेणी सरासरीत धरतात, काही ठिकाणी अशा विषयांच्या संख्येवर मर्यादा असते. ट्रान्स्क्रिप्टवर, म्हणजे अधिकृत गुणपत्रकावर, जुना ‘एफ’ साधारणपणे दिसत राहतो. दुसऱ्या महाविद्यालयात केलेल्या विषयाचे क्रेडिट मिळाले तरी त्याची श्रेणी बहुधा जीपीएत धरली जात नाही. उन्हाळ्यात स्वस्तातल्या कम्युनिटी कॉलेजमध्ये विषय करून जीपीए वर काढू, हा बेत तिथेच फसतो. सत्राच्या मध्यात विषय सोडला तर ‘डब्ल्यू’ लागतो. त्याने जीपीए बिघडत नाही, पण पुढे आर्थिक मदतीच्या हिशेबात तो आडवा येतो.

कारण शोधल्याशिवाय नुसते गणित टिकत नाही. आठवड्याला तीस तास दुकानात काम करणाऱ्याला अभ्यासाची तंत्रे शिकवून उपयोग नसतो. त्याच्या कामाचे तास आणि फीचा प्रश्न सोडवावा लागतो. कुणी घरच्यांच्या आग्रहाने इंजिनीअरिंग घेतलेले असते आणि कॅल्क्युलसमध्ये तिसऱ्यांदा अडकलेले असते. कुणाला नैराश्य असते, कुणाचे वडील गेलेले असतात. सल्लागार स्वतः समुपदेशक किंवा डॉक्टर नसतो. त्याचे कौशल्य नेमके कुठे पाठवायचे हे ओळखण्यात असते : ट्यूटरिंग केंद्र, समुपदेशन, अपंगत्व सेवा कार्यालय, आर्थिक मदत कार्यालय, किंवा सरळ त्या विषयाच्या प्राध्यापकाचे ऑफिस अवर्स. भेटीच्या शेवटी बहुधा एक लेखी आराखडा होतो. कोणते विषय, कोणत्या श्रेणीचे उद्दिष्ट, कामाचे किती तास, पुढची भेट कधी, हे त्यात लिहून दोघांच्या सह्या होतात. काही विद्यापीठांत प्रोबेशनवरच्यांसाठी खास वर्गही असतो. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या ग्रीन्सबरो शाखेतला असा उपक्रम ब्लूम यांच्याच पद्धतीवर उभा राहिला.

आर्थिक मदतीची तपासणी वेगळी असते, हे अनेकांना उशिरा कळते. अमेरिकेच्या केंद्र सरकारचे अनुदान किंवा कर्ज घेणाऱ्या विद्यार्थ्याची ‘समाधानकारक प्रगती’ आर्थिक मदत कार्यालय स्वतंत्रपणे पाहते. त्याचे आजचे नियम १ जुलै २०११ पासून लागू आहेत. त्यात जीपीएखेरीज वेगही मोजला जातो. अभ्यासक्रमाच्या ठरलेल्या लांबीच्या दीडपटीत पदवी पुरी झाली पाहिजे. म्हणून घेतलेल्या क्रेडिटपैकी साधारण ६७ टक्के क्रेडिट पूर्ण व्हावे लागतात. ‘डब्ल्यू’ इथे नडतो. प्रगती अपुरी ठरली की बऱ्याच ठिकाणी एका सत्राची वॉर्निंग मिळते. त्यानंतर मदत चालू ठेवायला अपील करावे लागते. अपिलात आजारपण, नातेवाइकाचा मृत्यू अशी कारणे ग्राह्य धरतात. पण तेवढ्याने भागत नाही, आता परिस्थितीत काय बदलले हेही लिहावे लागते. दुःखाचे वर्णन दोन पाने आणि बदलाची एक ओळ, अशी अपिले सहसा टिकत नाहीत. चांगला सल्लागार मसुद्यात हे प्रमाण उलटे करून घेतो.

महाराष्ट्रातून जाणाऱ्या मुलामुलींची मोठी संख्या एमएसला असते, आणि त्यांची अडचण वेगळ्या ठिकाणी सुरू होते. मुंबई-पुण्याच्या इंजिनीअरिंगमध्ये सत्राच्या शेवटच्या तीन आठवड्यांत अभ्यास करून निघून जाता येते. अमेरिकेत श्रेणी पहिल्या आठवड्याच्या गृहपाठापासून साचत जाते. ऑक्टोबर उजाडेपर्यंत निम्मी श्रेणी ठरून गेलेली असू शकते. त्यातच मित्राची असाइनमेंट पाहून लिहिण्याची सवय नडली तर शिस्तभंगाचे प्रोबेशन लागते. त्याचा जीपीएशी संबंध नसतो आणि ते धुऊन निघणे जास्त कठीण असते. एमएसला गणितही आवळलेले असते. पहिल्या सत्रात तीन विषयांत ‘बी’, ‘बी-मायनस’ आणि ‘सी’ मिळाले तर ९ क्रेडिटवर जीपीए २.५७ होतो. पुढच्या तिन्ही विषयांत मिळून ‘ए’, ‘बी-प्लस’ आणि ‘बी’ आले तर तो बरोबर ३.० ला पोचतो. दरम्यान असिस्टंटशिप, म्हणजे विभागातले सहायकाचे पगारी काम, गेली तर फीमाफीही जाते. बहुतेक विभाग असिस्टंटशिप प्रोबेशनवर नसलेल्या विद्यार्थ्यांपुरती ठेवतात.

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच्या विद्यार्थ्याला दोन सल्लागार असतात, एक अभ्यासाचा आणि दुसरा व्हिसाच्या नियमांचा, आणि दोघांना भेटणे भाग असते. केवळ प्रोबेशन लागल्याने व्हिसाचा दर्जा जात नाही. हकालपट्टी झाली तर जातो. पण अकॅडेमिक अ‍ॅडव्हायझरने ‘एक विषय सोड’ म्हटले आणि विद्यार्थ्याने तो लगेच सोडला तर नवेच संकट उभे राहू शकते. पूर्णवेळ विद्यार्थी असणे व्हिसाची अट आहे : पदवीला सत्रात १२ क्रेडिट, पदव्युत्तरला विद्यापीठ ठरवेल तितके, बहुधा ९. त्याखाली जायचे तर आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातल्या डीएसओची, म्हणजे या दुसऱ्या सल्लागाराची, परवानगी आधी हवी. नंतर मिळून उपयोग नाही. अभ्यासातल्या सुरुवातीच्या अडचणींसाठी, म्हणजे इंग्रजी, वाचनाचा भार, अपरिचित अध्यापनपद्धती किंवा चुकीच्या पातळीचा विषय यांसाठी, अशी सूट एका पदवीच्या टप्प्यात एकदाच मिळते आणि तेव्हाही निम्मा भार ठेवावाच लागतो. आजारपणाची सूट वेगळी असते. ती एकूण १२ महिन्यांपर्यंत मिळू शकते. त्यामुळे जो खरोखर आजारी आहे त्याने ‘अभ्यास जड जातो’ एवढेच सांगून एकदाची सूट खर्च करू नये.

घरच्यांना यातले काही कळतेच असे नाही. १९७४ च्या ‘फर्पा’ कायद्याने उच्च शिक्षणातल्या नोंदींवर हक्क विद्यार्थ्याचा असतो. लेखी संमती नसेल तर विद्यापीठ सामान्यतः परदेशातल्या आईवडिलांना निकाल सांगत नाही. साताऱ्याहून बाबांनी कितीही फोन केले तरी कार्यालयातून नम्र नकारच येतो. कर्ज काढून पाठवलेल्या मुलाला मग झाकली मूठ सव्वा लाखाची वाटते आणि तो एकटाच ओझे वाहत राहतो. सल्लागाराच्या खोलीत या ओझ्याचा विषय निघतो तेव्हा समोरच्या अमेरिकन माणसाला त्यातले कर्ज कळते. नातेवाइकांत होणारी चर्चा कळेलच असे नाही. ते शब्दांत सांगावे लागते.

प्रोबेशनचा उपयोग होतो का, यावर जेसन लिंडो, निकोलस सँडर्स आणि फिलिप ओरिओपोलस यांचा २०१० चा अभ्यास अनेकदा उद्धृत होतो. एका मोठ्या कॅनेडियन विद्यापीठात मर्यादेच्या किंचित खाली आणि किंचित वर असलेल्या विद्यार्थ्यांची त्यांनी तुलना केली. पहिल्या वर्षानंतर प्रोबेशन लागल्यामुळे काही जण विद्यापीठ सोडून गेले, आणि जे परतले त्यांचे जीपीए सुधारले. पदवी पूर्ण करण्याच्या प्रमाणावर परिणाम वाईट झाला, तोही शाळेत उत्तम गुण असलेल्यांवर विशेष. शाळेत पहिल्या पाचांत असलेल्या मुलाला धक्का अधिक बसतो, हे आपल्याकडच्या कुणालाही पटेल. नुसते पत्र पाठवून थांबणाऱ्या विद्यापीठांना हा निष्कर्ष अडचणीचा आहे.

मुदतीत जीपीए पूर्ण सावरला नाही, पण त्या सत्राची सरासरी चांगली असली, तर बरीच विद्यापीठे हकालपट्टी न करता प्रोबेशन वाढवतात. निलंबन झालेच तर एक-दोन सत्रांनी परतीचा अर्ज करता येतो. मधल्या काळात दुसरीकडे केलेले विषय किंवा नोकरी यांचा पुरावा त्यावेळी कामी येतो, आणि सल्लागाराचे शिफारसपत्रही. जीपीए पातळीच्या वर गेला की निकाल लागताच दर्जा पूर्ववत होतो आणि होल्ड निघतो. प्रोबेशनची नोंद ट्रान्स्क्रिप्टवर राहते की फक्त अंतर्गत नोंदीत, हे विद्यापीठागणिक बदलते. पुढच्या प्रवेशाचे अर्ज भरण्याआधी ते रजिस्ट्रारकडे विचारून घ्यावे लागते.