सान्तो सुबितो: घाईच्या संतपदामागची गोष्ट

8 एप्रिल 2005. रोमच्या सेंट पीटर्स चौकात सायप्रस लाकडाची साधी शवपेटी फरशीवर ठेवली होती. तिच्यावर शुभवर्तमानाचा ग्रंथ उघडा होता आणि वारा त्याची पानं एकामागून एक उलटत होता. पोप जॉन पॉल दुसरे यांच्या अंत्यविधीचं हे दृश्य अनेकांनी टीव्हीवर पाहिलं. त्याच गर्दीत इटालियन भाषेतले फलक उंचावले गेले, 'सान्तो सुबितो', म्हणजे 'यांना लगेच संत करा'. प्रवचनही घोषणांमुळे मध्येमध्ये थांबत होतं. प्रवचन देत होते कार्डिनल रात्सिंगर. काही दिवसांतच ते बेनेडिक्ट सोळावे झाले आणि 13 मे रोजी त्यांनी मृत्यूनंतर पाच वर्षं थांबण्याचा नियम या प्रकरणापुरता बाजूला ठेवला. 27 एप्रिल 2014 ला जॉन पॉल संत झाले. मृत्यूपासून नऊ वर्षं आणि पंचवीस दिवसांत.

ही घाई किती, हे आपल्या वसईच्या मापाने कळतं. वसईचे गोन्सालो गार्सिया 1597 मध्ये नागासाकीला क्रुसावर मारले गेले. 1627 मध्ये ते 'धन्य' झाले, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवर पोहोचले, आणि संतपद मिळालं 1862 मध्ये. श्रद्धेसाठी प्राण दिलेले रक्तसाक्षी असूनही 265 वर्षं लागली.

या संथपणामागे कारण होतं. पहिल्या हजार वर्षांत लोकच संत ठरवत. थडग्यापाशी दिवे लागले, नवस फेडले जाऊ लागले, स्थानिक बिशपने मान्यता दिली की झालं. रोमने हा अधिकार हळूहळू आपल्याकडे ओढला आणि 1588 मध्ये सिक्स्टस पाचव्यांनी त्यासाठी स्वतंत्र खातं उघडलं. त्या कामकाजातला एक अधिकारी लोकांच्या तोंडी 'सैतानाचा वकील' झाला. उमेदवाराचे दोष शोधायचे, चमत्कारावर शंका घ्यायची, साक्षी खोडून काढायच्या, हेच त्याचं काम. पुढे 1917 च्या धर्मसंहितेने, म्हणजे चर्चच्या कायद्याने, आणखी एक अडसर घातला: मृत्यूला पन्नास वर्षं झाल्याशिवाय सद्गुणांची चर्चा सुरू करायची नाही. सवलती मिळत, पण त्या सवलती म्हणूनच.

हा अडसर काढला तो खुद्द जॉन पॉल यांनीच. 1983 च्या सुधारणांनी पन्नासची पाच वर्षं झाली. चमत्कार कमी लागू लागले, एक 'धन्य' होण्यासाठी आणि आणखी एक संतपदासाठी. सैतानाच्या वकिलाचं पद नावाला राहिलं, पण उलटतपासणीची धार गेली. वादी-प्रतिवादी असलेला खटला जाऊन संशोधकांनी लिहिलेला अभ्यासग्रंथ आला. हेतू वाईट नव्हता. संत फक्त युरोपातले आणि फक्त मठातले का असावेत, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. त्यांनी 482 संत घोषित केले, आधीच्या चार शतकांत सगळ्या पोपांनी मिळून केले नसतील इतके. मदर तेरेसांसाठी पाच वर्षांचीही अट त्यांनीच शिथिल केली होती. त्या मृत्यूनंतर सहा वर्षांत 'धन्य' झाल्या. 2011 मध्ये जॉन पॉल यांनी तो विक्रम पंधरा दिवसांनी मोडला.

पायऱ्या मात्र चढाव्या लागल्याच. पहिला चमत्कार मानला गेला तो मारी सिमों-पिएर या फ्रेंच धर्मभगिनीचा. त्यांना पार्किन्सन्स होता, खुद्द पोपना जडलेलाच आजार. जून 2005 मध्ये वरिष्ठ भगिनीने त्यांना कागदावर जॉन पॉल यांचं नाव लिहायला सांगितलं. अक्षर वाचताच येईना. त्याच रात्री त्यांनी पुन्हा पेन उचललं आणि अक्षर स्वच्छ उमटलं. डॉक्टरांच्या मंडळाने प्रकरण तपासलं. चमत्काराची ही पायरी किती अवघड असते ते गोव्याच्या भाविकांना विचारा. हणजुण्याचे फादर आग्नेल 1986 मध्येच 'वंदनीय' ठरले, 'धन्य' होण्याची पुढची पायरी मात्र अजून बाकी आहे.

वाद चमत्कारांवर फारसा झालाच नाही. तो झाला कारभारावर. 'लीजन ऑफ क्राइस्ट' या कॅथलिक धर्मसंघाचे संस्थापक मार्सियाल मासिएल यांच्यावर लैंगिक अत्याचाराचे आरोप असतानाही जॉन पॉल त्यांचं जाहीर कौतुक करत राहिले. कारवाई झाली ती 2006 मध्ये, बेनेडिक्ट यांच्या काळात. पाठीराख्यांचं उत्तर असं की संत म्हणजे निर्दोष प्रशासक नव्हे, निर्णय चुकले म्हणून भक्ती खोटी ठरत नाही. तत्त्व म्हणून हे बरोबर आहे. पण पोपच्या बाबतीत कारभार आणि भक्ती यांची वाटणी इतकी सोपी नाही, कारण कारभार हेच त्याचं जीवितकार्य असतं.

मग नोव्हेंबर 2020 मध्ये व्हॅटिकननेच मॅकॅरिक अहवाल प्रसिद्ध केला, लैंगिक अत्याचाराच्या आरोपांत सापडलेले अमेरिकन धर्माधिकारी थिओडोर मॅकॅरिक यांच्याबद्दलचा. न्यूयॉर्कचे कार्डिनल ओ'कॉनर यांनी 1999 मध्ये पत्र लिहून मॅकॅरिक यांच्याबद्दल सावध केलं होतं. तरीही 2000 मध्ये जॉन पॉल यांनी मॅकॅरिकना वॉशिंग्टनचे आर्चबिशप नेमलं. पोलंडमध्ये कम्युनिस्ट राजवट धर्मगुरूंवर खोटे आळ घ्यायची, त्या अनुभवामुळे त्यांनी मॅकॅरिक यांच्या नकारावर विश्वास ठेवला असावा, असं अहवाल म्हणतो. हे कागद बाहेर आले तेव्हा संतपद देऊन सहा वर्षं उलटली होती, आणि दिलेलं संतपद परत घेण्याची सोय चर्चच्या कायद्यात नाही. 1917 चा नियम तसाच असता, तर त्यांच्या सद्गुणांची चर्चा 2055 मध्ये सुरू झाली असती.

पोपांनी पोपांना संत करण्याचा हा ओघही नवाच. 1300 ते 1900 या सहाशे वर्षांत होऊन गेलेल्या पोपांपैकी संतपदाला पोहोचले एकटे पायस पाचवे. विसाव्या शतकात निवडून आलेल्या आठांपैकी मात्र चौघे संत झाले, एक 'धन्य', एक 'वंदनीय'. जॉन पॉल यांच्याबरोबर त्याच दिवशी जॉन तेविसावे संत झाले, तेही दुसऱ्या चमत्काराची अट माफ करून.

त्या आठांतले 'वंदनीय' म्हणजे पायस बारावे, दुसऱ्या महायुद्धातल्या मौनाबद्दल ज्यांच्यावर आजही टीका होते ते. 19 डिसेंबर 2009 रोजी बेनेडिक्ट यांनी जॉन पॉल आणि पायस बारावे, दोघांनाही एकाच दिवशी 'वंदनीय' ठरवलं. एक फाइल साडेचार वर्षांच्या आत मार्गी लागली. दुसरी तिथेच आहे; पायस यांच्या काळातली दप्तरं 2020 च्या मार्चमध्ये अभ्यासकांना खुली झाली आणि त्यांचं वाचन अजून चालू आहे.