कार्बन नॅनोनलिकायुक्त अस्थी-स्कॅफोल्ड

हाडाचा तुकडा गेलेल्या जागी बसवून त्यात नवे हाड वाढवण्यासाठी केलेला सच्छिद्र साचा म्हणजे स्कॅफोल्ड. त्याच्या बहुलकात (पॉलिमरमध्ये) अत्यल्प कार्बन नॅनोनलिका, म्हणजे कार्बन अणूंच्या अतिसूक्ष्म पोकळ नळ्या, मिसळल्या की संमिश्र स्कॅफोल्ड तयार होते. गवंड्याच्या परांचीचे काम ते करते : पेशी तिच्यावर चढतात, हाड रचतात आणि परांची हळूहळू उतरते. नलिका मात्र सहजासहजी उतरत नाहीत.

साधे मोडलेले हाड प्लास्टरमध्ये जुळून येते. ऊसवाहतुकीच्या ट्रॉलीखाली चिरडलेल्या पायात किंवा गाठ काढलेल्या जबड्यात काही सेंटिमीटरची पोकळी उरली, तर ती आपोआप भरत नाही. अशा वेळी कमरेच्या हाडातून घेतलेले रोपण आजही सर्वांत भरवशाचे. पण तिथे मिळणारे हाड मोजकेच आणि ती दुसरी जखम दीर्घकाळ दुखू शकते.

नुसते कायटोसनचे (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणाऱ्या बहुलकाचे) स्कॅफोल्ड ओले झाले की बोटाच्या दाबानेही बसते. सच्छिद्र हाडाचे संपीडनबल (दाब सोसण्याची क्षमता) साधारण २ ते १२ मेगापास्कल असते. सुमिओ इजिमा यांनी १९९१ मध्ये वर्णन केलेल्या नॅनोनलिकांचा यंग गुणांक (ताठपणाचे माप) सुमारे १ टेरापास्कल, म्हणजे १००० गिगापास्कल, तर घट्ट हाडाचा १५-२० गिगापास्कल. त्यामुळे चिमूटभर नलिकाही बहुलकाला ताठ करू शकतात. त्या वीजवाहकही असतात. हाडावर ताण आला की त्यात विद्युत विभव निर्माण होतो, हे फुकादा आणि यासुदा यांनी १९५७ मध्ये दाखवले होते. २००२ च्या एका प्रयोगात पॉलिलॅक्टिक आम्ल व नलिकांच्या संमिश्रातून प्रत्यावर्ती प्रवाह दिल्यावर अस्थिजनक पेशींची संख्या दोन दिवसांत ४६ टक्क्यांनी जास्त भरली.

हे सारे फायदे नलिका एकमेकींपासून सुट्या झाल्या तरच मिळतात. व्हॅन डर वाल्स बलामुळे (रेणूंमधल्या क्षीण आकर्षणामुळे) त्या गुंतून गाठी धरतात आणि दाब आला की भेग नेमकी गाठीपाशी सुरू होते. म्हणून आधी आम्लप्रक्रिया करतात. १ ग्रॅम बहुभित्ती (एकात एक अनेक भिंती असलेल्या) नलिका संहत गंधकाम्ल व नत्राम्लाच्या ३:१ मिश्रणात (१०० मिलि.) ६०-७० अंश सेल्सिअसला तीन ते सहा तास ठेवतात. तपकिरी विषारी वायू निघतो, त्यामुळे धूरकपाटाशिवाय हे करू नये. नंतर मिश्रण थंड पाण्यात हळूहळू ओततात; पाणी आम्लात कधीही नाही. गाळून सामू उदासीन होईपर्यंत धुतात. यात नलिका बनवताना वापरलेल्या उत्प्रेरकाचे लोह-निकेल बरेचसे निघते आणि नलिकांवर कार्बोक्सिल हे आम्लधर्मी गट बसतात; त्यांमुळे नलिका पाण्यात सुट्या राहतात. प्रक्रिया लांबली तर नलिका तुटून आखूड होतात. रामन वर्णपटात (लेसर प्रकाशाच्या विकिरणावरून केलेल्या तपासणीत) १३५० प्रतिसेंटिमीटरजवळची, दोष दाखवणारी रेघ १५८० जवळच्या रेघेच्या मानाने चढते, त्यावरून ते कळते.

धुण्यासाठी विआयनित (क्षार काढलेले) पाणीच हवे. मराठवाड्यात बेसाल्टमधल्या बोअरचे पाणी बहुधा क्षारयुक्त असते. त्यातील कॅल्शियम कार्बोक्सिल गटांना एकमेकांशी सांधतो आणि मेहनतीने सुट्या केलेल्या नलिका पुन्हा साकळतात.

पुढे २ ग्रॅम कायटोसन १ टक्का असेटिक आम्लाच्या १०० मिलि. द्रावणात विरघळवतात. १०-२० मिग्रॅ. नलिका थोड्या पाण्यात श्राव्यातीत (अल्ट्रासाउंड) लहरींनी २०-३० मिनिटे सुट्या करून, ढवळत थेंबथेंब त्यात सोडतात. लहरींनी पाणी तापते, म्हणून भांडे बर्फात ठेवावे. एप्रिल-मेमध्ये बर्फ मिनिटागणिक वितळतो, तो बदलत राहावा. हायड्रॉक्सिअ‍ॅपटाइट या हाडातील खनिजाची १-२ ग्रॅम भुकटी शेवटी घालतात, कारण आम्लात ती थोडी विरघळते. काचपट्टीवर थेंब पसरून उजेडात धरावा : काळे ठिपके दिसले तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

साच्यातील द्रावण उणे २० अंशाला रात्रभर गोठवून २४-४८ तास निर्वातात शुष्क करतात. बर्फाचे स्फटिक जिथे होते तिथे छिद्रे उरतात. गोठणे सावकाश झाले तर छिद्रे मोठी होतात. रक्तवाहिन्या आत शिराव्यात म्हणून ती ३०० मायक्रोमीटरच्या आसपास असलेली बरी. मध्येच वीज गेली आणि निर्वात सुटला, तर बर्फ वितळून छिद्रे मिटतात व वर चामडी धरते. छत्रपती संभाजीनगर, नांदेड किंवा लातूरच्या प्रयोगशाळेत यंत्राला वेगळी यूपीएस जोड असावी. शुष्क स्कॅफोल्ड अल्कोहोलयुक्त सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये उदासीन करून धुवावे. हे राहिले तर पेशींच्या माध्यमात ते फुगून विरघळते.

पेशींवरील चाचणीत एक मोठी फसगत होते. जिवंत पेशी मोजण्याच्या एमटीटी चाचणीत तयार होणारे फॉर्मझान हे रंगद्रव्य नलिकांना चिकटते आणि पेशी धडधाकट असूनही मेल्यासारख्या दिसतात. म्हणून डब्ल्यूएसटी-१ (पाण्यात विरघळणारा रंग देणारी तशीच चाचणी) किंवा डीएनए-मापन जोडीला घ्यावे. काळ्या स्कॅफोल्डच्या आत अतिनील किरण पोहोचत नाहीत, त्यामुळे निर्जंतुकीकरण केवळ त्यांच्यावर सोडू नये.

कोरडी भुकटी पंखा किंवा कूलर चालू असताना कधीही तोलू नये. लांब, ताठ नलिका फुप्फुसात अ‍ॅस्बेस्टॉससारख्या वागू शकतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१४ मध्ये एमडब्ल्यूसीएनटी-७ या बहुभित्ती नलिकांच्या प्रकाराला संभाव्य कर्करोगजनक ठरवले. बहुलक विरल्यावर मोकळ्या झालेल्या नलिकांचे शरीरात काय होते, हाही प्रश्न आहेच. श्वेतपेशींतील मायलोपेरॉक्सिडेज हे विकर त्यांचे विघटन करू शकते, असे २०१० मध्ये दिसले. पण ते सावकाश होते आणि नलिका किती आम्लप्रक्रियित आहेत यावर अवलंबून असते. त्यामुळे बहुलकाच्या वजनाच्या १ टक्क्याच्या वर जाण्याआधी वाढीव बळाची खरेच गरज आहे का, हे आधी मोजून पाहावे.