अगत्ती ते पोर्ट ब्लेअर : हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ

म्हापशातील आमच्या एका शेजाऱ्यांनी लक्षद्वीपमधील अगत्ती आणि अंदमानातील पोर्ट ब्लेअर (आताचे श्री विजयपुरम) या विमानतळांमधले अंतर मोबाईलवर पाहिले. ते सुमारे २२४० किलोमीटर निघाले. त्याला त्यांनी जेट विमानाच्या ताशी ८०० किलोमीटर वेगाने भागले आणि पावणेतीन तासांत पोचू असे धरून एकाच सुट्टीत दोन्ही बेटांचा बेत आखला. भागाकार बरोबर होता, पण त्यातून प्रवासाचा वेळ निघत नाही.

हवाई अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरून मोजलेली सर्वांत जवळची वाट. ते अक्षांश-रेखांशांवरून काढतात, त्यामुळे त्या वाटेने विमान जात नसले तरी आकडा मिळतोच. अगत्तीची धावपट्टी जेमतेम १२०० मीटर लांबीची असल्याने तेथे मोठी जेट विमाने उतरत नाहीत. एटीआर ७२ सारखी, ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगाची पंख्यांची विमाने उतरतात. म्हणून अगत्तीहून टप्प्याटप्प्याने, जसे आधी कोची, तेथून चेन्नई आणि मग पोर्ट ब्लेअर, असे जावे लागते.

आता या तीन टप्प्यांची बेरीज करून पाहावी. अगत्ती-कोची सुमारे ४७०, कोची-चेन्नई ५१५ आणि चेन्नई-पोर्ट ब्लेअर १३७५, म्हणजे एकूण २३६० किलोमीटर. सरळ वाटेपेक्षा हे केवळ १२० किलोमीटरनी, म्हणजे पाचेक टक्क्यांनीच, जास्त आहे, आणि मला या हिशेबातली हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. वळसा एवढा लहान असूनही विमानातच साडेचार-पाच तास जातात, मधल्या थांब्यांनी दिवस मोडतो आणि पुढचे विमान जुळले नाही तर रात्रही बाहेर काढावी लागते. गोव्यात रायबंदरहून चोडण बेटावर जाणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको, कारण फेरीबोट मांडवी नदी काही मिनिटांत ओलांडते, पण धक्क्यावर गाड्यांची रांग असली की घरी पोचायची वेळ त्या रांगेवरच ठरते.

तिकिटावरचा कालावधीही निव्वळ उड्डाणाचा नसतो. विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून ते उतरून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा वेळ त्यात धरलेला असतो. म्हणून भागाकाराने पावणेदोन तासांचा वाटणारा चेन्नई-पोर्ट ब्लेअर टप्पा तिकिटावर दोन तासांहून अधिक दिसतो. दुबईला जाणाऱ्या गोवेकरांना निघण्या-पोचण्याच्या वेळांच्या वजाबाकीत दीड तासाचा फरक धरावा लागतो, तसा तो येथे धरावा लागत नाही. पोर्ट ब्लेअरला सूर्य अगत्तीपेक्षा साधारण सव्वा तास आधी उगवत असला, तरी घड्याळ दोन्हीकडे एकच आहे.

शेजाऱ्यांनी आता कोचीत एक मुक्काम धरला आहे, आणि पुढचे दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घेतले आहेत.