हे ध्येय नक्की कोणाचे?

अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात ओंडके वाहणारे ट्रक कायद्याने मुभा असलेल्या वजनाच्या जेमतेम ६० टक्के भरून निघत. ‘जमेल तेवढे भरा’ एवढीच चालकांना सूचना होती. मग गॅरी लेथॅम या मानसशास्त्रज्ञाच्या सल्ल्याने त्यांना एक आकडा देण्यात आला : ९४ टक्के. शाबासकीपलीकडे बक्षीस नाही, शिक्षाही नाही. काही महिन्यांत भराई ९० टक्क्यांच्या आसपास पोचली आणि तिथेच टिकली. १९७५ साली प्रसिद्ध झालेला हा प्रयोग आजही ध्येयांच्या शास्त्रात हमखास सांगितला जातो. मानसशास्त्रज्ञ एडविन लॉक यांनी १९६८ मध्ये मांडलेले सूत्र त्यातून प्रयोगशाळेबाहेरच्या प्रत्यक्ष कामातही खरे ठरले : नेमके आणि थोडे अवघड उद्दिष्ट ‘जमेल तेवढे करीन’पेक्षा जास्त काम करून घेते.

मात्र त्या प्रयोगात चालकांना ९४ हा आकडा कोणीतरी दिलेला होता. ट्रक भरला की काम संपत होते, आणि ते का करायचे हा प्रश्न कोणाला पडायचे कारण नव्हते. आयुष्याची ध्येये अशी नसतात. ती वर्षानुवर्षे चालतात, त्यांच्यावर कोणी मुकादम नसतो, आणि तिसऱ्या महिन्यात उत्साह ओसरला की ‘हे मी कशासाठी करतोय?’ हा प्रश्न येतोच. ‘स्मार्ट’ उद्दिष्टांची, म्हणजे चांगल्या उद्दिष्टाच्या पाच कसोट्यांची इंग्रजी आद्याक्षरे जोडून केलेली, पद्धत बहुतेकांना ठाऊक असते. जॉर्ज डोरन यांनी ती १९८१ मध्ये व्यवस्थापकांसाठी मांडली आणि त्यातल्या ‘ए’ या अक्षराचा मूळ अर्थ ‘काम कोणाकडे सोपवायचे’ असा होता. म्हणजे ही पद्धतसुद्धा वाटून दिलेल्या कामासाठी बेतलेली. मोजमापाला ती उत्तम आहे, पण ध्येय आपले आहे की नाही हे ती सांगत नाही.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. येल विद्यापीठातल्या १९५३ च्या वर्गातील ज्या ३ टक्के विद्यार्थ्यांनी ध्येये लिहून ठेवली, त्यांनी पुढे बाकी सगळ्यांपेक्षा जास्त संपत्ती कमावली, ही गोष्ट व्याख्यानांतून सर्रास ऐकू येते. असा अभ्यास झालेलाच नाही. ध्येय लिहिण्याचा फायदा आहे, पण त्याचा खरा पुरावा वेगळा आहे आणि तो पुढे येईल.

हेतू म्हणजे दिशा, मुक्काम नव्हे

जीवनहेतू हा शब्द ऐकला की काहीतरी भव्य, एकदाच गवसणारे असे डोळ्यांसमोर येते. संशोधक त्याकडे साधेपणाने पाहतात : माणसाच्या निरनिराळ्या ध्येयांना एकत्र बांधणारा, वागण्याला दिशा देणारा मध्यवर्ती उद्देश. ओळखण्याची खूण सोपी आहे. ज्यापुढे ‘झाले’ अशी खूण करता येते ते उद्दिष्ट. ज्यापुढे कधीच करता येत नाही तो हेतू. ‘पदवी मिळवणे’ हे उद्दिष्ट झाले. ‘गुंतागुंतीच्या गोष्टी इतरांना समजतील अशा करून सांगणे’ हा हेतू.

‘आधी हेतू सापडू दे, मग ध्येये ठरवू’ असे म्हणून थांबणे ही सर्वांत मोठी चूक. हेतू बहुतेक वेळा चालू आयुष्यातच विखुरलेला असतो आणि तो गोळा करावा लागतो. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एमन्स यांनी १९८६ मध्ये वापरलेली पद्धत घरी करता येते. ‘मी सहसा... प्रयत्न करतो’ हे वाक्य वेगवेगळ्या प्रकारे १५ वेळा पूर्ण करायचे. पहिली पाच-सहा वाक्ये झटपट सुचतात आणि ती बरीचशी लोकांना ऐकवण्याजोगी असतात. खरा माल त्यानंतर निघतो, म्हणून पंधराचा आकडा गाठायचाच. मग शेजारी ठेवा गेल्या महिन्यात वेळ प्रत्यक्ष कुठे गेला त्याची नोंद. दोन्हींत जे पुन्हापुन्हा येते त्याचे एक वाक्य करा. वाक्यात क्रियापद हवे. ‘कुटुंब’, ‘प्रामाणिकपणा’ असे सुटे शब्द पुढे काही उपयोगी पडत नाहीत. हे वाक्य कच्चेच मानायचे, वर्षभरात ते बदलले तर बिघडत नाही.

हेतू असणारी माणसे जास्त जगतात, असेही वाचायला मिळते. अमेरिकेतल्या पन्नाशीपुढच्या सुमारे ७,००० लोकांच्या पाहणीत (प्रसिद्धी २०१९) हेतूची भावना क्षीण असलेल्यांत मृत्यूचे प्रमाण जास्त आढळले हे खरे. पण आजारपणही माणसाचा हेतू हिरावून घेते. संशोधक लोकांच्या आरोग्यातला फरक हिशेबात धरतात, तरी अशा पाहणीतून कारण आणि परिणाम पक्के ठरत नाहीत. आयुष्य वाढेल म्हणून हेतू शोधणे हे आमच्या मते चुकीच्या टोकाकडून सुरू करणे आहे.

चार कारणांचे गुण

आता मुख्य भाग. केनन शेल्डन आणि अँड्र्यू एलियट या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये दाखवले की ध्येय किती अवघड आहे याइतकेच ते आपण कशासाठी धरले आहे हेही महत्त्वाचे असते. आतून आलेल्या ध्येयांसाठी माणसे जास्त काळ कष्ट करतात, म्हणून ती जास्त पुरी होतात. शिवाय पुरी झाल्यावर समाधानही जास्त मिळते. परक्या ध्येयांच्या बाबतीत यश मिळूनही मन रितेच राहते, हे अनेकांनी अनुभवलेले असते.

शेल्डन-एलियट यांची मोजणी कागद-पेन्सिलीने होते. प्रत्येक ध्येयासाठी चार कारणांना १ ते ९ गुण द्या. पहिले, बाहेरचे कारण : कोणीतरी सांगितले म्हणून किंवा पैसा, मान मिळेल म्हणून. दुसरे, आतली टोचणी : नाही केले तर अपराधी वाटेल, लाज वाटेल. तिसरे, पटलेले मूल्य : हे महत्त्वाचे आहे असे मला स्वतःला वाटते. चौथे, गोडी : ते करतानाच आनंद होतो. तिसऱ्या-चौथ्याच्या बेरजेतून पहिल्या-दुसऱ्याची बेरीज वजा करा. उत्तर उणे १६ ते अधिक १६ च्या दरम्यान येते.

समजा, ‘दोन वर्षांत अमुक परीक्षा उत्तीर्ण व्हायचे’ या ध्येयाला कोणी अनुक्रमे ७, ८, ४ आणि २ गुण दिले. ६ वजा १५, म्हणजे उणे ९. हे ध्येय मरणारच असे नाही, पण ते सतत ढकलत न्यावे लागेल.

गुण देताना हमखास घोळ होतो तो दुसऱ्या आणि तिसऱ्या कारणात. दोन्ही आतूनच येतात आणि दोन्हींची भाषा ‘केलेच पाहिजे’ अशी असते. फरक ओळखायला एक प्रश्न विचारा : हे मी पूर्ण केले हे कोणालाही, कधीही कळणार नसेल, तरी करीन का? उत्तर ‘हो’ असेल तर मूल्य, चाचरत आले तर टोचणी. कोणाशी वाद झाल्यावर किंवा कोणाचे यश ऐकल्यावर लगेच गुण देऊ नका. एका आठवड्याच्या अंतराने दोनदा द्या. दोन्ही उत्तरांत पाचापेक्षा जास्त फरक पडला, तर मनातला गोंधळ मिटायला अजून थोडा वेळ द्यायला हवा.

चौथे कारण कमी म्हणून ध्येय टाकू नका. हिशेब ठेवणे, व्यायाम, आजाऱ्याची देखभाल यांत रोज आनंद मिळतोच असे नाही. मूल्य पटलेले असेल तर तेवढे बळ पुरते.

उणे गुणांच्या ध्येयाचे तीन मार्ग असतात. एक, सोडून देणे. दुसरा, तेच ठेवून त्यातला आपला भाग शोधणे : परीक्षा तीच, पण ज्या विषयाची खरी ओढ आहे तिथून अभ्यासाला सुरुवात. तिसरा, ते उघडपणे ‘कर्तव्य’ म्हणून वेगळ्या यादीत टाकणे आणि त्याला ठरावीक तासच देणे. घेतलेले कर्ज फेडणे हे जीवनहेतूशी जुळायची गरज नाही, ते फेडायचेच असते.

वर ‘का’, खाली ‘कसे’

चार्ल्स कार्व्हर आणि मायकेल शायर यांनी ध्येयांची उतरंड सांगितली आहे. वर ‘मला कसे व्हायचे आहे’, मधे ‘मी काय करणार’, तळाशी प्रत्यक्ष कृती. कोणत्याही उद्दिष्टावरून ‘का?’ विचारले की वर जाता येते आणि ‘कसे?’ विचारले की खाली. समजावून सांगण्याचा हेतू असलेल्या माणसाचे मधले उद्दिष्ट ‘सहा महिन्यांत माझ्या विषयावर सोप्या भाषेतली १२ टिपणे’ असे होईल आणि तळाची कृती ‘मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी पाऊण तास लेखन’ अशी. दोन-तीन वेळा ‘का?’ विचारून हेतूच्या वाक्यापर्यंत पोचता येत नसेल, तर ते उद्दिष्ट इथले नाही. खाली उतरताना येत्या आठवड्यातला वार सांगता येत नसेल, तर ते अजून उद्दिष्ट झालेलेच नाही.

ध्येये एकमेकांना खातात, हेही तपासा. एमन्स आणि लॉरा किंग यांना १९८८ मध्ये आढळले की परस्परविरोधी ध्येयांबाबत माणसे विचार जास्त करतात आणि कृती कमी. पाच ध्येये असतील तर १० जोड्या होतात. प्रत्येक जोडीला पूरक असल्यास अधिक १, विरोधी असल्यास उणे १, नाहीतर शून्य द्या. ज्याच्या वाट्याला दोन-तीन उणे येतात ते पुढच्या तिमाहीत ढकला. आठवड्याचे तास १६८ आणि त्यातले ५६ झोपेचे, हेही समोर असू द्या.

काम अगदी नवे असेल तर आकड्याची घाई करू नका. रूथ कॅन्फर आणि फिलिप ॲकरमन यांच्या १९८९ च्या प्रयोगात हवाई वाहतूक नियंत्रणाचे नक्कल-काम शिकताना सुरुवातीलाच कडक उद्दिष्ट दिलेल्यांची कामगिरी उलट खालावली. शिकायला लागणारे लक्ष आकड्याकडे वळते. अशा वेळी ‘हे करण्याच्या तीन पद्धती शोधून वापरून पाहीन’ असे शिकण्याचे उद्दिष्ट ठेवावे.

हेतूला वार आणि वेळ

आतून आलेले ध्येयसुद्धा आपोआप घडत नाही. पीटर गोलविट्झर यांचे ‘जर-तर’ वाक्य इथे लागते : अमुक झाले की मी तमुक करीन. २००२ साली २४८ विद्यार्थ्यांवर झालेल्या प्रयोगात, आठवड्यातून किमान एकदा व्यायाम करणाऱ्यांचे प्रमाण काहीच न सांगितलेल्या गटात ३८ टक्के होते. हृदयरोगाची माहिती देऊन उद्युक्त केलेल्या गटात ३५ टक्के. माहितीबरोबर वार, वेळ आणि जागा लिहून घेतलेल्या गटात ९१ टक्के. त्याच वर्षी रिचर्ड कोस्टनर आणि सहकाऱ्यांनी दाखवले की ध्येय आतून आलेले असेल आणि जोडीला असे वाक्यही असेल तर प्रगती सर्वांत जास्त होते.

वाक्य फसते ते तीन ठिकाणी. ‘वेळ मिळाला की’ हा संकेत नव्हे, ‘सकाळचा चहा संपला की’ हा संकेत. दुसरे, नकार : ‘फोन पाहणार नाही’ म्हटल्याने फोनच आठवतो, त्याऐवजी ‘फोन हातात आला की तो दुसऱ्या खोलीत ठेवीन’. तिसरे, यशाचे चित्र रंगवत बसणे. गॅब्रिएल ओटिंगेन यांच्या १९९१ च्या अभ्यासात वजन कमी करण्याची गोड स्वप्ने रंगवणाऱ्या स्त्रियांच्या वजनात इतरांपेक्षा कमी घट झाली. स्वप्नानंतर लगेच स्वतःच्या आतला अडथळा लिहावा आणि ‘जर’च्या जागी तोच घालावा.

मुदत ठरवताना आपला अंदाज वाढवून घ्या. १९९४ च्या एका अभ्यासात प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी सरासरी ३४ दिवसांचा अंदाज दिला. सगळेच बिघडले तर ४९ दिवस, असे ते म्हणाले. लागले ५५. पूर्वी अशाच कामाला किती दिवस लागले होते ते पाहा आणि तोच आकडा धरा.

लिहिण्याचा खरा फायदा दिसतो तो नोंदीत. १३८ अभ्यासांच्या २०१६ मधल्या एकत्रित विश्लेषणानुसार प्रगतीची नोंद ठेवल्याने ध्येय गाठण्याची शक्यता वाढते, आणि ती कागदावर उतरवली किंवा कोणाला दाखवली तर आणखी वाढते. आठवड्यातून एकदा दहा मिनिटे पुरतात. एखादा दिवस चुकला तर सवय मोडत नाही. फिलिपा लॅली यांच्या २०१० च्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला लागलेला काळ १८ ते २५४ दिवस असा पसरलेला होता, त्यामुळे २१ दिवसांचा मंत्र विसरलेला बरा.

दर तीन महिन्यांनी चार कारणांचे गुण पुन्हा द्या. सलग दोनदा उणे आलेले ध्येय सोडणे हा पराभव नसतो. कार्स्टन व्रोश यांच्या संशोधनात असाध्य ध्येय सोडून नव्याकडे वळू शकणाऱ्यांची मनःस्थिती चांगली आढळली आहे. मात्र सोडताना दोन गोष्टी त्याच दिवशी लिहा : कोणते ध्येय सोडले, आणि त्याचे मंगळवार-शुक्रवारचे पाऊण तास आता कशाला दिले. दुसरी ओळ कोरी राहिली तर सोडलेले ध्येय मनात घोळत राहते, तासही वाया जातात.