संघीय वनमहसूल वाटणी (अमेरिका)

अमेरिकेतील राष्ट्रीय वनांपासून केंद्र सरकारला मिळणाऱ्या उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा त्या वनांच्या परिसरातील सार्वजनिक शाळा आणि रस्त्यांसाठी देण्याची पद्धत. २३ मे १९०८ च्या कायद्याने हा हिस्सा २५ टक्के ठरवला, म्हणून ‘पंचवीस टक्क्यांचा निधी’ हेच त्याचे रूढ नाव. उत्पन्नात चराईची फी, पर्यटनस्थळांचे भाडे, वीजवाहिन्यांचे परवाने असे बरेच काही मोडते. पण विसाव्या शतकात त्यातला मोठा वाटा उभ्या झाडांच्या विक्रीचा होता. या पद्धतीची भरभराट आणि तिची दुखणी, दोन्ही तिथूनच सुरू होतात.

काउंटी म्हणजे ढोबळमानाने जिल्हा. मात्र आपल्या जिल्ह्याप्रमाणे तिचा सगळा गाडा राज्याच्या तिजोरीवर चालत नाही. शेरीफ (काउंटीचा पोलीसप्रमुख), तुरुंग, ग्रामीण रस्ते, ग्रंथालये यांचा खर्च बऱ्याच अंशी स्थानिक मालमत्ता करातून भागवावा लागतो आणि केंद्र सरकारच्या जमिनीवर हा कर लावता येत नाही. पूर्वेकडच्या राज्यांना याची फारशी झळ लागत नाही. पश्चिमेत चित्र वेगळे आहे. ओरेगनची निम्म्याहून अधिक जमीन केंद्राच्या मालकीची, आयडाहोची सुमारे ६० टक्के. वॉशिंग्टन राज्यातल्या स्कमेनिया काउंटीचा बहुतेक भाग गिफर्ड पिंशो राष्ट्रीय वनात येतो, त्यामुळे कर लावायला जमीन नावालाच उरते. तरी लाकडाचे ट्रक जातात ते रस्ते काउंटीने राखायचे, आणि वनखात्यातल्या माणसांची मुले शिकतात ती शाळाही तिथल्याच लोकांनी चालवायची.

उगम

१८९१ च्या कायद्याने राष्ट्राध्यक्षांना सार्वजनिक जमिनीवर राखीव वने घोषित करण्याचा अधिकार मिळाला आणि पश्चिमेत ओरड सुरू झाली. वसाहतदारांच्या हाती जाऊन उद्या कर देऊ लागणारी जमीन कायमची कुलूपबंद होत होती. १९०५ मध्ये ही वने कृषी खात्याकडे आली आणि गिफर्ड पिंशो यांच्या हाताखाली वनसेवा उभी राहिली. पुढच्याच वर्षी वनउत्पन्नाचे १० टक्के शाळा व रस्त्यांना देण्याची तरतूद झाली. तिने कोणाचे समाधान झाले नाही. १९०७ मध्ये ओरेगनचे सिनेटर चार्ल्स फुल्टन यांनी अर्थसंकल्पी विधेयकाला शेपूट जोडले : पश्चिमेच्या सहा राज्यांत काँग्रेसच्या (अमेरिकी संसदेच्या) संमतीवाचून नवे राखीव वन करता येणार नाही. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्या विधेयकावर सही केली खरी, पण सहीआधीच्या काही दिवसांत पिंशो यांच्या माणसांनी रात्रंदिवस नकाशे आखून दिले आणि सुमारे १ कोटी ६० लाख एकर जंगल राखीव करून टाकले. वर्षभराने १० चे २५ टक्के झाले ते या वातावरणात. स्थानिकांची नाराजी विकत घेण्याची ती किंमत होती असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. १९११ च्या वीक्स कायद्याने सरकार पूर्वेकडे खासगी जमिनी विकत घेऊन वने उभारू लागले, तेव्हा तिथेही वाटणी लागू झाली. काल-परवापर्यंत कर भरणारी जमीन करयादीतून गळत असल्याने तिथे तिची निकड उघडच होती.

वाटपाची रीत

पैसा केंद्राच्या कोषागारातून राज्याकडे आणि तिथून काउंट्यांकडे जातो. कोणत्या काउंटीत त्या वनाचे किती क्षेत्र, यावर वाटा ठरतो. शाळांना किती आणि रस्त्यांना किती, हे ठरवण्याची मुभा राज्यांना आहे. ओरेगनमध्ये ७५ टक्के रस्त्यांना, आयडाहोत ७० टक्के. कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टनमध्ये निम्मे-निम्मे. ओरेगनच्या बाबतीत एक मेख आहे. तिथे राज्य सरकार शाळांना अनुदान देताना ही रक्कम स्थानिक उत्पन्न म्हणून मोजते आणि तेवढे अनुदान कमी करते. परिणामी जंगलाचा पैसा एका विशिष्ट खेड्यातल्या शाळेचा न राहता राज्यभरच्या शाळांत पसरतो. योजनेच्या हेतूत शाळा असली तरी ओरेगनमध्ये तिचा खरा लाभार्थी रस्तेविभागच ठरतो.

सर्वांत महत्त्वाची खोच ही की २५ टक्के मोजायचे ते निव्वळ नफ्यावर नव्हे, ढोबळ उत्पन्नावर. समजा, वनखात्याने एक कूप (तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा) विक्रीला काढले. सर्वेक्षण, आखणी, झाडांवर खुणा आणि रस्ते यांवर विक्रीच्या किमतीपेक्षा जास्त खर्च झाला. खात्याला तोटा, करदात्याला तोटा. काउंटीला मात्र बोलीच्या रकमेचा चौथा हिस्सा वरच्या वर मिळणार. म्हणजे तोट्यातली तोडसुद्धा काउंटीच्या फायद्याची. काउंटीचे आयुक्त आणि शाळांचे अधीक्षक दशकानुदशके तोडीचे लक्ष्य वाढवा म्हणून वॉशिंग्टन डी. सी.ला खेटे घालत राहिले, यात नवल नाही. करमुक्त जमिनीची भरपाई हा मूळ हेतू. पण जमीन तेवढीच राहूनही भरपाई मात्र करवतीच्या वेगावर वर-खाली होत होती.

पश्चिम ओरेगनमधल्या १८ काउंट्यांचे प्रकरण निराळे आहे. ‘ओरेगन अँड कॅलिफोर्निया’ रेल्वेला १८६६ मध्ये सरकारने लोहमार्गाच्या बदल्यात जमीन दिली. पुढे अट घातली की ती खऱ्या वसाहतदारांना १६० एकरांपर्यंतच्या तुकड्यांत, एकरी अडीच डॉलरहून अधिक न घेता विकावी. कंपनीने अट धाब्यावर बसवली. खटले चालले आणि १९१६ मध्ये काँग्रेसने विकायची राहिलेली २० लाखांहून अधिक एकर जमीन परत घेतली. रेल्वे तिच्यावर कर भरत होती, सरकार भरणार नव्हते. १९३७ च्या कायद्याने या जमिनींच्या उत्पन्नातला तब्बल ७५ टक्के वाटा काउंट्यांना देऊ केला. पुढे काउंट्यांनी त्यातले २५ टक्के वनव्यवस्थापनासाठी सोडून दिले, तरी निम्मे उत्पन्न हाती राहिले. शिवाय या पैशावर शाळा-रस्त्यांचे बंधन नाही. शेरीफचे पगार, तुरुंग, ग्रंथालय, कशावरही तो खर्च करता येतो आणि काउंट्यांनी तसाच तो केला.

ओघ आटला

१९८७ च्या सुमारास राष्ट्रीय वनांतून वर्षाला १,२०० कोटी बोर्ड फुटांहून अधिक लाकूड निघत होते (एक फूट लांब, एक फूट रुंद, एक इंच जाड फळी म्हणजे एक बोर्ड फूट). २००० साली हा आकडा अडीचशे कोटींच्या आसपास आला. जून १९९० मध्ये उत्तरी ठिपकेदार घुबडाची नोंद संकटग्रस्त प्रजातींत झाली, १९९१ मध्ये सिॲटलचे संघीय न्यायाधीश विल्यम ड्वायर यांनी घुबडाच्या अधिवासातल्या लाकूडविक्रीला मनाई केली आणि १९९४ मध्ये वायव्येसाठी नवा वन आराखडा लागू झाला. गावागावांत दोष घुबडाच्या माथी मारला गेला. तो पुरता खरा नाही. जुने महावृक्ष तोडून संपत आले होते, गिरण्यांत यंत्रांनी माणसे कमी केली होती आणि खासगी जमिनींवरचे ओंडके न कापताच जहाजाने परदेशी जात होते. तरी सरकारी जमिनीवरची तोड थांबली ती मुख्यतः न्यायालयाच्या आदेशांनी, हेही तितकेच खरे. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, अशी काउंट्यांची गत झाली.

१९९३ मध्ये घुबडबाधित काउंट्यांना तात्पुरता टेकू मिळाला : १९८६–९० च्या सरासरीच्या ८५ टक्क्यांपासून सुरू होऊन दरवर्षी उतरत जाणारी रक्कम. ३० ऑक्टोबर २००० रोजी बिल क्लिंटन यांनी ‘सिक्युअर रूरल स्कूल्स’ कायद्यावर सही केली. ओरेगनचे डेमोक्रॅट रॉन वायडन आणि आयडाहोचे रिपब्लिकन लॅरी क्रेग ही त्यामागची जोडी. या कायद्याने तोड आणि रक्कम यांची गाठ सोडवली. १९८६ ते १९९९ मधली सर्वाधिक मिळकतीची तीन वर्षे घ्यायची, त्यांची सरासरी काढायची आणि तेवढे पैसे दरवर्षी द्यायचे. वनउत्पन्न कमी पडले तर उरलेले सरकारी खजिन्यातून. ज्यांना जुने २५ टक्केच बरे वाटतात, त्यांनी तेच घ्यावेत.

मोठ्या रकमा मिळणाऱ्या काउंट्यांना त्यातला १५ ते २० टक्के भाग बाजूला ठेवावा लागे. तो वणव्यापासून घरांचा बचाव, जंगलात हरवलेल्यांचा शोध अशा कामांवर, किंवा सरकारी वनांतल्याच सुधारणांवर खर्च व्हायचा. सुधारणांची कामे सुचवायला १५ जणांच्या सल्लागार समित्या नेमल्या. लाकूड आणि चराईवाले पाच, पर्यावरणवादी व इतर पाच, स्थानिक प्रतिनिधी पाच. आणि तिन्ही गटांत स्वतंत्र बहुमत झाल्याशिवाय प्रकल्प पुढे सरकत नाही. दहा वर्षे कोर्टात एकमेकांविरुद्ध उभी राहिलेली माणसे माशांच्या वाटेत येणारी रस्त्याखालची मोरी कुठली बदलायची, यावर एका टेबलाशी बसून बोलू लागली. मला या कायद्याचे सर्वांत टिकाऊ फळ हेच वाटते, जरी त्याची चर्चा सर्वांत कमी होते.

मुदतवाढीचा खेळ

कायदा सहा वर्षांपुरताच होता. २००६ नंतर त्याचे भिजत घोंगडे पडले. २००७ ची मुदतवाढ इराक युद्धाच्या पुरवणी खर्चाच्या विधेयकात घुसवली गेली. २००८ ची चार वर्षांची वाढ बँकांना सावरणाऱ्या ७०० अब्ज डॉलरच्या कायद्याच्या पोटात होती. तिच्यात सूत्र बदलून दरडोई उत्पन्नही धरले आणि रक्कम दरवर्षी घटती ठेवली. २०१२ ची वाढ महामार्गांच्या कायद्यातून, २०१३ ची सरकारी हेलियम साठ्याच्या विक्रीच्या कायद्यातून, २०१५ ची वृद्धांच्या आरोग्यविम्याच्या डॉक्टरांची बिले ठरवणाऱ्या कायद्यातून आणि २०२१ ची पायाभूत सुविधांच्या कायद्यातून आली. २०१३ मध्ये तर सरसकट खर्चकपातीचा दाखला देत वनसेवेने ४१ राज्यांना पत्रे धाडून आधीच वाटलेल्या पैशांतला काही भाग परत मागितला.

अशा अनिश्चिततेत शाळेने शिक्षक नेमायचे तरी कशाच्या भरवशावर? २००७ च्या एप्रिलमध्ये ओरेगनच्या जॅक्सन काउंटीने आपली पंधराही ग्रंथालये बंद केली. ती ऑक्टोबरमध्ये उघडली, पण खासगी कंपनीच्या कंत्राटावर आणि कमी तासांसाठी. डग्लस काउंटीतली ग्रंथालये २०१७ मध्ये बंद पडली. जोसेफिन काउंटीत २०१२ साली शेरीफच्या बहुतेक शिपायांना नारळ मिळाला. रात्री आणि शनिवार-रविवारी मदतीसाठी फोन केला तर पाठवायला माणूसच नसे.

बाहेरचा माणूस विचारेल, मग कर का वाढवत नाहीत? जोसेफिनचा कायम करदर दर हजार डॉलर मूल्यामागे ५९ सेंट, राज्यात सर्वांत कमी. लाकडाच्या पैशावर गाडा चालत असताना जास्त कर कशाला, म्हणून तो मुळातच किरकोळ होता; आणि १९९७ च्या घटनादुरुस्तीने ओरेगनमधले सगळे कायम करदर होते तिथेच गोठवले. आता मतदारांना विचारून तात्पुरती पट्टी लावणे एवढाच मार्ग. २०१२ पासून जोसेफिनच्या मतदारांनी ती चार वर्षे लागोपाठ फेटाळली. त्यात सरकारवरचा राग होता, निवृत्तांच्या तुटपुंज्या मिळकती होत्या, आणि शेजारी उभे असलेले जंगल तोडले की सगळे सुटेल ही जुनी समजूतही होती.

वाद आणि पर्याय

लाकूडउद्योगाचे पाठीराखे म्हणतात, तोड वाढवा आणि पंचवीस टक्क्यांवर परत जा. पण लाकडाचा भाव घरबांधणीच्या तेजी-मंदीवर नाचतो. त्यावर शाळा बेतायची, तर १९८० च्या दशकारंभीची मंदी आठवावी. पर्यावरणवाद्यांना तोडीशी पुन्हा बांधलेली गाठ नको आहे. तिसरी सूचना कायम ठेवनिधीची : एकदाच मोठी रक्कम गुंतवावी आणि व्याज काउंट्यांना वाटावे. हिशेबाच्या दृष्टीने तीच सर्वांत सरळ दिसते. अडते ते एकरकमी पैशापाशी.

१९७६ पासून करमुक्त सरकारी जमिनीपोटी काउंट्यांना आणखी एक स्वतंत्र भरपाई मिळते. तिचे सूत्र आदल्या वर्षीची वनरक्कम वजा करते, त्यामुळे वनाचा पैसा घटला की ती काहीशी वाढते. मात्र ती काउंटी प्रशासनाच्या हाती जाते, शाळांकडे वळत नाही. २०२३ च्या हप्त्यानंतर ‘सिक्युअर रूरल स्कूल्स’ कायद्याची मुदत सरली आणि एप्रिल २०२५ मध्ये काउंट्यांना १९०८ च्या सूत्रानेच पैसे मिळाले, तेव्हा पुढच्या वर्षीच्या या वाढीव भरपाईवर डोळा ठेवण्याची सोय काउंटी आयुक्तांना तरी होती. शाळांच्या अधीक्षकांना तीही नव्हती.